भाच्याला अमेरिकेत ‘लो ब्रास’चा प्राध्यापक व्हायचंय, प्लॉट गहाण टाकावा का?

लूमवाले मामा

नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं पॉवरलूमच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. धोटा, पिकर, बॉबिन याबद्दल कुणी विचारलं तर झोपेतसुद्धा सांगेन, पण हा विषय माझ्या डोक्यावरून चाललाय.

माझ्या बहिणीच्या सासरी बँड कंपनी आहे, तीन पिढ्यांची. दाजी स्वतः क्लॅरिओनेट वाजवतात. भाच्याच्या वाट्याला लहानपणी आला तो मागच्या ओळीतला मोठा बाजा, युफोनियम. परण्या (लग्नाची वरात) निघाला की लोकांचं सगळं लक्ष ट्रम्पेटवाल्याकडं, आणि हा पठ्ठ्या मागं उभा राहून गाल न फुगवता पोंऽ पोंऽ करणार. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढं वाजवताना त्याला बघितलंय मी. घामानं डबडबलेला, पण सूर हलत नाही.

बी.कॉम. झाला. लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद, सुपाऱ्या बंद. तेव्हा गोव्याच्या एका सरांकडं मोबाईलवर शिकायला लागला. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची संगीताची परीक्षा असते, तिची आठवी ग्रेड झाली, पुढं डिप्लोमा झाला. आता अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठानं त्याला मास्टर्सला घेतलंय. दोन वर्षं. अर्धी फी माफ, बाकीची अर्धी, राहणं-खाणं, विमा धरून घरातून २५ लाख उभे करायचेत. दाजींचा जुळे सोलापुरात दीड गुंठ्याचा प्लॉट आहे, तो बँकेत तारण ठेवायचा म्हणतायत.

भाचा म्हणतो, “मामा, मास्टर्स, मग डॉक्टरेट, पाच-सहा वर्षांत प्राध्यापक. तिकडं प्रत्येक कॉलेजात बँड असतो, आणि प्रत्येक बँडला लो ब्रास लागतंय.” त्याचा चेहरा बघितला की नाही म्हणवत नाही ओ. पण दाजींनी मला विचारलंय, आणि मला कर्जाच्या हप्त्यांची सवय आहे, म्हणून भीती वाटते. खरंच नोकऱ्या आहेत का? आणि नाहीच जमलं तर इकडं या बाजाला कॉलेजात काही किंमत आहे का?

पूर्वभागातला

मामा, शीर्षक वाचून मला वाटलं पितळेचा भाव उतरला. भांड्याचं दुकान आहे माझं, धावत आलो. लो ब्रास म्हणजे नेमकं काय ते सांगा की आधी.

लूमवाले मामा

पितळी वाद्यांत खर्जातली तीन भावंडं. ट्रॉम्बोन (मागं-पुढं नळी सरकवायची ते), युफोनियम आणि टुबा. भाच्यानंच शिकवलंय मला.

सातवी पोझिशन

मामा, मी त्या तिघांतली ट्रॉम्बोनवाली, आणि सोलापूरचीच. वडील रेल्वेत होते, रेल्वे लाइन्समध्ये वाढले. चर्चमध्ये एक जुना ट्रॉम्बोन पडून होता, माझे हात लांब म्हणून तो माझ्या गळ्यात मारला. स्लाइड पूर्ण बाहेर सरकवली की सातवी पोझिशन येते. ती मला अकरावीपर्यंत गाठता येत नव्हती, टोकाला पोचेपर्यंत खांदा निखळायचा. नाव त्यावरून घेतलंय.

२००९ मध्ये गेले, २०१९ मध्ये परत आले. मधल्या दहा वर्षांत बॅचलर्स, मास्टर्स आणि डीएमए, म्हणजे डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स. तुमच्या भाच्याच्या डोक्यात जी वाट आहे ती मी शेवटच्या दगडापर्यंत चालून आलेय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी जागा कमी का, ते. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले पंचवीस-तीस असतात, ट्रॉम्बोन तीन, टुबा एक. एकच. टुबा वयानं लहान आहे. त्याचं पेटंट बर्लिनमध्ये १८३५ साली वीप्रेश्ट आणि मोरित्झ या जोडीनं घेतलं. बीथोव्हेन त्याच्या आठ वर्षं आधी, १८२७ मध्येच गेला. म्हणजे ज्यांच्या जिवावर ऑर्केस्ट्रा चालतात त्या बऱ्याच मंडळींना टुबा माहीतच नव्हता. युफोनियमला तर ऑर्केस्ट्रात कायमची खुर्चीच नाही. वर्षातून एखाद्या रचनेत लागला तर बऱ्याचदा शेजारच्या ट्रॉम्बोनवाल्याच्या हातात देतात.

मग कॉलेजात नोकऱ्या कुठून येतात? तिकडच्या शाळांत बँड हा विषय असतो. तो शिकवणारे शिक्षक कॉलेजात तयार होतात, आणि फुटबॉलच्या सामन्यांना मार्चिंग बँड लागतो. म्हणून संगीत विभागाला खर्जातली वाद्यं शिकवणारं माणूस ठेवावं लागतं. इथवर भाच्याचं बरोबर आहे. पण एक माणूस. मोठ्या विद्यापीठात दोन, ट्रॉम्बोनला एक आणि टुबा-युफोनियमला एक. छोट्या कॉलेजात तिघांना मिळून एक. तो तिशी-पस्तिशीत लागतो, सहाएक वर्षांनी कायम होतो, त्याला टेन्युअर म्हणतात, आणि मग उठत नाही. इंडियाना विद्यापीठात टुबाच्या जागेवर हार्वी फिलिप्स १९७१ ते १९९४ होते. शिकागो सिम्फनीत आर्नल्ड जेकब्ज १९४४ ते १९८८. चव्वेचाळीस वर्षं एक खुर्ची! माणसं थोर होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आता असं धरा की एक प्राध्यापक वर्षाला फक्त एक डॉक्टर तयार करतो. तीस वर्षांत तीस डॉक्टर, आणि रिकामी होते ती त्याची स्वतःची एक जागा. तीही भरली तर.

जाहिरातीचा हंगाम असतो. पावसाळा संपला की जाहिराती, जानेवारी ते मार्च मुलाखती, ऑगस्टला रुजू. जाहिरातीत ‘लो ब्रास’ हे पहिलं वाक्य, पुढं नुसती शिवायची माळ. शिवाय संगीताच्या थिअरीचे दोन वर्ग, शिवाय जॅझ बँड, शिवाय मार्चिंग बँडला हातभार, शिवाय विद्यार्थी भरती, म्हणजे गावोगावच्या शाळांत फिरून पोरं गोळा करणं. मी तीन हंगामांत ४७ अर्ज केले. पाच ठिकाणी व्हिडिओवर मुलाखत झाली, दोन ठिकाणी प्रत्यक्ष बोलावलं.

त्यातलं एक सांगते. छोट्या गावातलं कॉलेज, फेब्रुवारी, गुडघाभर बर्फ. दोन दिवसांचा कार्यक्रम, मिनिटामिनिटाचा कागद हातात. सकाळी आठला निवड समितीबरोबर नाश्ता. अंडं खाऊ की उत्तर देऊ, शेवटी अंडं तसंच राहिलं. दहाला अनोळखी पोरांना थिअरीचा तास. अकराला मास्टरक्लास, म्हणजे सगळ्यांसमोर एकेका विद्यार्थ्याला शिकवायचं. एक टुबावाला पोरगा आला, धिप्पाड, पण श्वास वरच्या वर छातीतच अडकलेला, सूर सुरू होण्याआधी खांदे कानापर्यंत जायचे. मी त्याला स्टेजवर उताणं झोपवलं, पोटावर एक जाडजूड पुस्तक ठेवलं आणि म्हटलं, आता फक्त हे पुस्तक वर-खाली कर. दोन मिनिटं सगळा हॉल त्या पुस्तकाकडं बघत बसला. मग उठवून तीच ओळ वाजवायला लावली. खालचा सूर असा निघाला की पुढच्या रांगेतली एक बाई दचकली. दुपारी माझं चाळीस मिनिटांचं वादन, रात्री डीनबरोबर जेवण. विमानात बसताना मला वाटलं, झालं काम.

मे महिन्यात दोन ओळींची मेल आली. या वर्षी ही जागा भरली जाणार नाही. ऑगस्टमध्ये तेच काम त्यांनी तीन अर्धवेळ लोकांत वाटून टाकलं. त्यातला एक तुकडा मीच उचलला. लाज वाटली, पण डीएमएनंतर एकच वर्ष काम करायची परवानगी असते आणि भाडं द्यायचं होतं.

अर्धवेळ म्हणजे ॲडजंक्ट. तीन कॉलेजं, आठवड्याला साडेसहाशे किलोमीटर गाडी. मागच्या सीटवर उधारीचा टुबा, त्याला सीटबेल्ट. पैसे विद्यार्थ्यामागं. ऑक्टोबरात एका पोरीनं वाद्य सोडलं, तिच्यापुरते पैसे बंद. सुट्टीत शून्य, विमा नाही. त्या वर्षी दाढ दुखली तर मी लवंग धरून काढलं.

म्हणून माझं मत ऐका. अर्धी फी माफ करून घेतलेली जागा २५ लाखांचं कर्ज काढून घेऊ नका. पूर्ण फी माफ आणि वर पगार, म्हणजे असिस्टंटशिप, मिळाली तर खुशाल पाठवा. या धंद्यात विद्यापीठाला तुमचा पोरगा खरंच हवाय की नुसती फी हवीय, हे तिथंच कळतं.

तासिकावाला

ताई, हे तर आमचं सीएचबी झालं की. मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतोय, एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्यात दुपारी, मधे एसटी. मानधन निघायला कधी दिवाळी उलटते. उन्हाळ्यात आम्ही कुणीच नसतो, जूनमध्ये परत अर्ज, परत मुलाखत, समोर तीच माणसं आणि प्रश्न “तुमचा परिचय द्या”. मला वाटायचं अमेरिकेत तरी बरं असेल. गंमत म्हणजे त्यांना ॲडजंक्ट असं भारी नाव आहे, आम्हाला नुसतं सीएचबी.

बाकी तिकडं नेट-सेटसारखं काही असतं का?

सातवी पोझिशन

नाही हो. पीएचडी किंवा डीएमए, रेकॉर्डिंग, तीन शिफारसपत्रं, आणि कोण कुणाचा शिष्य. ते शेवटचं जाहिरातीत छापत नाहीत.

नेटचं निघालंच आहे तर मामांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. आपल्याकडं नेटला संगीत विषय आहे, पण त्यात हिंदुस्थानी, कर्नाटक, रवींद्र संगीत, तालवाद्यं. टुबा वाजवून तिथं शिरता येत नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या विशारद-अलंकारमध्येही पितळी बाजा नाही. म्हणजे इकडं या वाद्याच्या नावानं प्राध्यापकाची खुर्ची धरून चालूच नका. मुंबईत एनसीपीएची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, पण तिथंही टुबा एकच लागणार, आणि वादक कझाकस्तानापासून येतात.

सोरेगावकर

मी एसआरपीएफचा निवृत्त बँड्समन. गट १०, सोरेगाव. २८ वर्षं युफोनियम आणि गरज पडली तर बास, म्हणजे टुबा. मामा, तुमच्या भाच्याला मी गड्ड्यात ऐकलं असणार, कारण खालचा बाजा नीट कोण वाजवतंय तिकडंच माझा कान जातो.

ताई बोलतात ते बरोबर असेल, त्या राहून आल्यात. मी आपला वर्दीतला रस्ता सांगतो. पोलीस भरतीत बँड्समनची जागा निघते, दहावी पास चालतं, वय खुल्याला २८, मागासवर्गीयांना ३३. पण धावणं आणि गोळाफेक चुकत नाही, तेव्हा बाजा घेऊन बसण्यापेक्षा रोज पहाटे पार्कवर पळायला लावा. नौदल आणि हवाईदलात अग्निवीर म्युझिशियन घेतात, त्यात युफोनियम-टुबावाले चालतात, पण तिथं वय विशीच्या आसपासच लागतं आणि नोकरी चार वर्षांची, नंतर चारातला एक कायम. तुमचा भाचा बी.कॉम. होऊन वर डिप्लोमा केलेला, म्हणजे ते वय गेलं. लष्कराची संगीताची शाळा पचमढीला आहे, १९५० पासूनची. तिथून शिकून आलेल्या एका उस्तादांनी मला पहिल्या दिवशी नुसता माउथपीस हातात दिला आणि पंधरा दिवस बाजाला हात लावू दिला नाही. माउथपीसमध्ये नुसतं ओठ थरथरवायचं, तेही भिंतीवर टाचणीनं धरलेला कागद फुंकरीनं पडू न देता. टाचणी काढून घ्यायचे ओ! कागद भिंतीला चिकटून राहिला पाहिजे. पंधराव्या दिवशी माझा कागद चार सेकंद राहिला. तेव्हा म्हणाले, जा, बाजा घे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती दाताची. चाळिशीत माझा पुढचा एक दात हलायला लागला. ट्रम्पेटवाल्याचा माउथपीस छोटा, त्याला जास्त जाचतं म्हणतात, पण आपल्यालाही सुटका नाही. दात बसवून घेतला आणि सहा महिने मला माझाच सूर ओळखू येईना. भाच्याला म्हणावं, डॉक्टरेट राहू दे, दात सांभाळ.

आणि ताई, तुमच्या एका गोष्टीला माझा विरोध आहे. पोराला वाटतंय तर जाऊ द्यावं. मला १९९० मध्ये गोव्याला शिकायला जायची संधी होती, वडिलांनी बैलजोडीचा हिशोब काढला. हिशोब बरोबरच होता. तरी अजून आठवतंय.

लूमवाले मामा

सोरेगावकर, तुमचं वाचून दाजी गप्प झालेत. त्यांना वाचून दाखवलं मी.

ताई, दोन गोष्टी विचारतो. एक, कॉलेजात नाही तर तिकडं शाळेत किंवा मिलिटरी बँडमध्ये लागेल की तो? दोन, तुम्ही परत येऊन काय करता? राग मानू नका.

सातवी पोझिशन

राग कसला. मी पुण्याच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत बँड शिकवते. चाळीस पोरं, त्यात खर्जाला सहा. पगार वेळेवर होतो. मी खूश आहे असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. मंगळवारी दुपारी ट्रॉम्बोनच्या चार पोरांनी एक साधी कॉर्ड, म्हणजे वेगवेगळे सूर एकदम, नीट लावली आणि खिडकीची काच थरथरली, तेव्हा पूर्ण खरं होतं. डीएमएचा प्रबंध कपाटात आहे, त्यावर मेट्रोनोम ठेवलाय.

आता तुमचा पहिला प्रश्न. युफोनियमवाल्यासाठी तिकडची खरी नोकरी म्हणजे लष्करी बँडच. मरीन बँड १७९८ पासून आहे, पगार पक्का, पेन्शन. पण विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला तिथं दार नाही, नागरिकत्व किंवा निदान ग्रीन कार्ड लागतं. म्हणजे युफोनियमच्या दोन दारांपैकी एक आपल्याला पहिल्या दिवसापासून बंद. शाळेच्या नोकऱ्या कॉलेजपेक्षा कितीतरी जास्त, पण त्याला संगीत शिक्षणाची पदवी आणि त्या-त्या राज्याचं लायसन्स लागतं. वादनातला मास्टर्स तिथं पुरत नाही.

मग व्हिसा. मास्टर्सनंतर काम करायला बारा महिने मिळतात. इंजिनीयर पोरांना वर दोन वर्षं वाढवून मिळतात, वादनवाल्यांना नाही. विद्यापीठं एच-वन-बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, लॉटरीतून सुटलेली आहेत, हे एक बरं आहे, पण चार विद्यार्थी शिकवणाऱ्या अर्धवेळ माणसासाठी कुणी तो खटाटोप करत नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून आणायच्या नव्या माणसांसाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. इकडं परत येऊन तिथल्या जागांना अर्ज करायचा बेत असेल तर तो विसरा.

आणि आणखी एक, हे तुम्हाला दुकानदार म्हणून लगेच कळेल. तिकडं २००७ नंतर जन्म कमी होत गेले. ती पोरं आता अठराची होतायत, म्हणजे कॉलेजचं गिऱ्हाईकच आटतंय. छोटी कॉलेजं आधी कात्री लावतात ती जिथं एका प्राध्यापकामागं सहा-सात विद्यार्थी असतात तिथं. संगीत शिकवायचं तर एकेकालाच घेऊन बसावं लागतं, त्यामुळं नजर आमच्यावरच पडते.

कर्जाचा हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. २५ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं, तर हप्ता ३३-३४ हजार. शिकताना चढलेलं व्याज वेगळं. आणि तो बी.कॉम.वरून जातोय ना? गेल्या गेल्या थिअरी आणि संगीताच्या इतिहासाची चाचणी घेतात. त्यात राहिला तर जादा वर्ग लागतात, बऱ्याचदा त्यांचे पैसे वेगळे आणि ते पदवीत धरत नाहीत. हे पत्रात बारीक अक्षरात असतं. बघा जरा.

काका, तुमचं बैलजोडीचं वाचलं. मी त्याला जाऊ नको म्हणतच नाहीये. प्लॉट जाऊ नये म्हणतेय.

पूर्वभागातला

मी विचारायला आलो पितळेचा भाव आणि सकाळपासून दुकान उघडं टाकून हे वाचतोय. ताई, तुमची ती दचकलेली बाई डोळ्यासमोर आली.

तासिकावाला

मामा, पत्रातलं बारीक अक्षर बघितलंत का?

लूमवाले मामा

बघितलं. आहे. सहा क्रेडिटपर्यंत जादा लागू शकतात असं लिहिलंय, त्यांची फी माफीत बसत नाही. भाच्यानं ती ओळ वाचलीच नव्हती. वाचली होती असं म्हणतोय.

मागची ओळ

मी भाचा. मामांनी मला न विचारता माझी कुंडली इथं मांडलीय हे मला बँडमधल्या ढोलवाल्यानं सांगितलं.

वाचली होती ती ओळ. खरंच. वाटलं, थिअरी मला येते. मग काल रात्री त्या विद्यापीठाच्या जुन्या चाचणीचा नमुना उघडला. चार आवाजांची हार्मनी लिहायची होती, त्यात पंचवीसपैकी नऊ आले. आमच्याकडं वडील सूर गुणगुणतात आणि आम्ही उचलतो, कागद कुठं असतो?

मी हे वेड का घेतलं ते सांगतो. डिसेंबरात तिकडं टुबा-युफोनियमवाले शेकड्यांनी एका चौकात जमतात आणि नुसत्या खर्जात नाताळची गाणी वाजवतात. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला रॉकफेलर सेंटरपुढं ताईंनी नाव घेतलं त्याच हार्वी फिलिप्सनी ते सुरू केलं. मी तो व्हिडिओ लॉकडाऊनमध्ये बघितला. शेकडो माणसं, आणि पुढं ट्रम्पेट नाही! आयुष्यात पहिल्यांदा मागची ओळच सगळी ओळ होती. मी अंगणात बसून त्यांच्याबरोबर वाजवलं, शेजारच्यांनी दगड मारला पत्र्यावर.

ताईंचं वाचून मी तिथल्या प्राध्यापकांना सरळ मेल केली, की तुमचे गेले सात विद्यार्थी आज काय करतात. मला वाटलं उत्तर येणार नाही. दुसऱ्या दिवशी आलं. दोघं शाळेत बँड शिकवतात, एक लष्करी बँडमध्ये, एक कॉलेजात एका वर्षाच्या करारावर, एक विमा विकतो आणि रविवारी वाजवतो, दोघांचा पत्ता नाही. खाली लिहिलं होतं, हे विचारणारा तू पहिलाच. मी प्रवेश वर्षभर पुढं ढकलायला आणि पूर्ण असिस्टंटशिपसाठी परत ऑडिशन द्यायला परवानगी मागितलीय. ते म्हणाले, दे, पण चार पिस्टनच्या कंपेन्सेटिंग युफोनियमवर रेकॉर्डिंग पाठव.

आता अडचण तीच. माझा बाजा मेरठचा, आजोबांनी घेतलेला, तीन पिस्टनचा. दुसऱ्या पिस्टनला स्प्रिंगच्या जागी सायकलवाल्याकडून वळवून घेतलेली तार आहे. खालचा सी आणि बी सूर चढा येतो, ओठानं खाली ओढावा लागतो. वरातीत चालतं, रेकॉर्डिंगमध्ये लगेच कळतं. काका, तुमच्या गटात असा चार पिस्टनचा कुणाकडं आहे का, आठवडाभरासाठी?

सोरेगावकर

सरकारी बाजा बाहेर देता येत नाही बाळा, नोंदवहीत असतो. पण स्प्रिंगचं मी बघतो, सायकलची तार काढ आधी. पिस्टन झिजेल. रविवारी सोरेगावला ये.

सातवी पोझिशन

रविवार माझ्याकडे. काकांकडे शनिवारी जा.

तो सूर तुझ्या ओठाचा दोष नाही. तीन पिस्टन एकदम दाबले की नळी जेवढी लांब व्हायला हवी तेवढी होत नाही, कमी पडते, म्हणून सूर चढतो. कंपेन्सेटिंगमध्ये हवा चौथ्या पिस्टनमधून फिरून परत येते आणि जादाच्या छोट्या नळ्या ती तूट भरून काढतात. १८७४ ची युक्ती आहे, इंग्लंडमधली. तू इतकी वर्षं जे ओठानं भरून काढलंस ते त्या नळ्या करतात. मेरठच्या बाजावर तू इथवर आलास तर त्यावर पहिले दोन दिवस तुला सूर खाली पडल्यासारखे वाटतील, कारण तुझ्या ओठाला ओढायची सवय आहे. ती सोडवायला आठवड्याहून जास्त लागेल, म्हणून एका दिवसात रेकॉर्डिंग करायचं डोक्यात आणू नकोस.

शाळेत असा एक आहे, परवानगी मी काढते, खोलीसुद्धा मिळेल. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला ये. तुझा माउथपीस आण पण भरवसा ठेवू नकोस, मेरठच्या बाजाचा शँक (माउथपीसचा बाजात बसतो तो दांडा) बारीक असतो, यात खुळखुळेल. जाड शँकचा मी देते. आणि हार्मनीची वही आण. पंचवीसपैकी नऊ म्हणजे तू सोळा चुका करून दाखवल्यास, त्या मला बघायच्यात.

लूमवाले मामा

तिकीट मी काढतो. जातायेताचं. शेंगाचटणी बहीण देईलच.

फक्त ताई, ते चार पिस्टनचं नवीन घ्यायचं तर किती लाखांचं असतं, हे भाच्याला सांगा हवं तर. दाजी हे वाचतायत, इथं लिहू नका.